०.३८ मिलिग्रॅम यकृत : तांबं मोजताना अडलेलं एक निदान

पार्श्वभूमी

इंदूरमधल्या एका प्रयोगशाळेत रक्त, लघवी आणि ऊतींमधली सूक्ष्म मूलद्रव्यं मोजण्याचं काम मी पाहते. रोजचे नमुने बहुतेक रक्ताचे: शिसं, जस्त, सेलेनियम. यकृताचा तुकडा क्वचित येतो. आला की तो जवळजवळ नेहमी तांब्यासाठीच असतो, आणि त्याच्यामागे एखादं घर श्वास रोखून बसलेलं असतं. हे प्रकरण अशाच एका तुकड्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्यावर फिरले ते आकडे आणि नाती मात्र तशीच ठेवली आहेत.

मुलगी तेरा वर्षांची. कुटुंब पिढ्यानपिढ्या इंदुरात राहिलेलं, मराठी. सात महिन्यांपासून तिला थकवा होता, भूक मंदावली होती, शाळेच्या कवायतीत दम लागायचा. यकृताची एन्झाइम्स सतत वाढलेली. कावीळ ए, बी, सी, ई या सगळ्यांच्या तपासण्या निर्दोष. सोनोग्राफीत यकृत खरबरीत दिसलं. स्वप्रतिकारजन्य यकृतदाहाच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याच्या, खुणा थोड्या होत्या: एएनए आणि आयजीजी या प्रतिपिंडांपैकी पहिली किंचित पॉझिटिव्ह, दुसरी किंचित वाढलेली. रक्त गोठण्याचा आयएनआर (सामान्यतः १ च्या आसपास, वाढला की रक्त उशिरा गोठतं) १.४, आणि के जीवनसत्त्व देऊनही तो सुधारत नव्हता.

यकृततज्ज्ञांनी माहेर-सासर विचारलं तेव्हा एक गोष्ट पुढे आली. मुलीच्या आईचं माहेर म्हणजे वडिलांचं आजोळ. आते-मामे भावंडांचं लग्न. घरातली आजी ही सुनेची आत्याच. आपल्याकडे असं लग्न जुळलं की घरात घर राहिलं म्हणून आनंद होतो, त्यामुळे कुणाला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी मात्र तिथेच कागदावर विल्सनचा आजार असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

हा आजार किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केला. तेराव्या गुणसूत्रावरचं त्याचं जनुक, एटीपी७बी, १९९३ साली सापडलं. अन्नातून रोज साधारण एक-दोन मिलिग्रॅम तांबं पोटात जातं आणि जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं मिळालं तर ती वाट बंद होते. तांबं आधी यकृतात साठतं, मग मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात.

अडचण

विल्सनच्या निदानाला एकच एक चाचणी पुरत नाही. २००१ साली लाइपझिगच्या बैठकीत ठरलेली गुणपद्धती वापरतात: चार किंवा जास्त गुण म्हणजे निदान पक्कं, तीन म्हणजे शक्यता, त्याखाली असेल तर आजार बहुधा नाही.

या मुलीचे गुण जमेनात. सेरुलोप्लाझमिन, म्हणजे रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन, विल्सनमध्ये बहुधा कमी असतं. तिचं डेसिलिटरमागे १९ मिलिग्रॅम, म्हणजे वीसच्या उंबरठ्याच्या जेमतेम आत. त्याचा एक गुण. हे प्रथिन शरीरात दाह असला की वाढतं, त्यामुळे तिच्यासारख्या सुजलेल्या यकृतात १९ हा आकडा मूळचा किती असेल कोण जाणे. तांबं साठल्याने डोळ्यात होणारं कायझर-फ्लायशर कडं स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, दिसलं नाही, शून्य गुण. चोवीस तासांच्या लघवीत तांबं ६८ मायक्रोग्रॅम. मुलांसाठी ४० ही मर्यादा धरली तर हे दुपटीच्या आत, म्हणून एक गुण. एकूण दोन.

आता यकृतातलं तांबं. कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत सामान्य. ५० ते २४९ आलं तर एक गुण, २५० किंवा वर आलं तर दोन. म्हणजे आमचा आकडा २५० च्या कुठल्या बाजूला पडतो यावर तिचे गुण तीन की चार हे ठरणार होतं. एका बाजूला जन्मभर तांबं बाहेर काढणारं औषध, दुसऱ्या बाजूला स्वप्रतिकारजन्य दाह समजून वर्षानुवर्षं स्टेरॉइड.

समोरचे पर्याय

बायोप्सीआधी डॉक्टरांनी तीन वाटा पाहिल्या. पेनिसिलामाइन हे तांबं बाहेर काढणारं औषध देऊन लघवीतलं तांबं किती उसळतं ते बघायचं, ही पहिली. ती चाचणी भरवशाची नाही असं त्यांचं मत होतं आणि मलाही ते पटतं. जनुक-तपासणीला सहा ते आठ आठवडे लागणार होते. रक्त पाठवलं, पण नुसतं त्यावर विसंबून बसणं शक्य नव्हतं. स्टेरॉइड सुरू करून प्रतिसाद पाहायचा, हा पर्याय सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक. विल्सनच्या रुग्णालाही त्याने काही दिवस बरं वाटू शकतं, आणि मग महिने वाया जातात.

म्हणून बायोप्सी ठरली. इथे पहिली चूक झाली आणि ती कुणा एकाची नव्हती. बायोप्सी होणार हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि तुकडा कसा पाठवायचा हे त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं. वर्षानुवर्षं नमुने येतील तसे घेत गेल्यामुळे आम्हीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं.

तुकडा आला तेव्हा

मे महिना, दुपारचे अडीच. दुचाकीवरून मुलगा डबी घेऊन आला. आत सलाइनने ओली केलेली गॉजची पट्टी आणि तिच्या एका कोपऱ्यात चिकटलेला, तांदळाच्या कणीएवढा तुकडा. मुख्य तुकडा फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे गेला होता, आमच्या वाट्याला उरलंसुरलं आलं होतं.

तांब्यासाठीचा तुकडा कोरडाच, तांबंविरहित डबीत ठेवायचा असतो, आणि किमान एक सेंटिमीटर लांबीचा हवा. सलाइनमध्ये थोडं तांबं निसटू शकतं. शिवाय सलाइनमधलं मीठ वाळल्यावर तुकड्यावरच राहतं आणि कोरड्या वजनात धरलं जातं. पण तुकडा तर हातात होता. परत पाठवून काय मिळणार होतं?

वाळवून वजन केलं: ०.३८ मिलिग्रॅम. आमचा तराजू ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. वाळलेली ऊती हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे शेवटचा अंक डोळ्यादेखत हलत होता. मग नायट्रिक आम्ल आणि पेरॉक्साइड घालून विरघळवलं, पाच मिलिलिटर केलं आणि आयसीपी-एमएसवर, म्हणजे मूलद्रव्यांचे अणू वजनानुसार मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं.

हे यंत्र तांब्याचे दोन समस्थानिक, म्हणजे वेगळ्या वजनाचे अणू, वेगवेगळे मोजतं: ६३ आणि ६५. निसर्गात ६३ सुमारे ६९ टक्के असतं, ६५ सुमारे ३१. दोघांच्या हिशेबाने एकच उत्तर यायला हवं. तसं आलं नाही. ६३ म्हणत होतं ०.१६ मायक्रोग्रॅम, ६५ म्हणत होतं ०.११.

कारण सलाइन. यंत्रातला आर्गॉन, ज्याचं वस्तुमान ४०, आणि मिठातला सोडियम, ज्याचं २३, हे दोघे जोडले गेले की ६३ वजनाचा आयन तयार होतो आणि यंत्राला तो तांबं वाटतो. हेलियम वापरून ही भेसळ बरीच कमी करता येते. त्या दिवशी तो मोड आम्ही लावला नव्हता, कारण यकृताच्या द्रावणात इतकं सोडियम येईल हे धरलेलंच नव्हतं. ६५ चा आकडा घेतला.

तरी संकट संपलं नाही. प्रत्येक खेपेला तुकड्याशिवाय, नुसतं आम्ल घालून आम्ही तीन कोऱ्या नळ्या चालवतो. त्या दिवशी त्यांत ०.०२, ०.०३ आणि ०.०७ मायक्रोग्रॅम तांबं निघालं. सरासरी ०.०४. वजा केल्यावर उरलं ०.०७, भागिले ०.३८ मिलिग्रॅम: ग्रॅममागे १८४ मायक्रोग्रॅम. तिसरी कोरी नळी खरी मानली तर १०५. पहिली मानली तर २३७. आणि त्यातच वजनात ०.०५ मिलिग्रॅमची चूक धरली तर २७३.

मोठ्या तुकड्याच्या बाबतीत कोऱ्या नळीतलं एवढंसं तांबं कुणाच्या लक्षातही येत नाही. ०.३८ मिलिग्रॅमच्या तुकड्यात तेच निम्मं उत्तर होऊन बसतं.

निर्णयाची जागा

संध्याकाळी यकृततज्ज्ञांचा फोन आला. आयएनआर १.५ झाला होता. "मॅडम, जो असेल तो आकडा द्या. खाली टीप लिहा, मी समजून घेईन."

माझ्यापुढे चार गोष्टी होत्या. १८४ लिहून टीप द्यायची. नमुना अपुरा म्हणून अहवाल बंद करायचा. पुन्हा बायोप्सी मागायची. किंवा पॅथॉलॉजीकडे मुख्य तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवला होता त्यातून ऊती काढून मोजायची.

पुन्हा बायोप्सी मी लगेच बाजूला ठेवली. आयएनआर चढत असताना त्या मुलीला दुसऱ्यांदा सुई, तीही आमच्या निष्काळजीपणामुळे, हे मनाला पटेना. अपुरा नमुना म्हणून हात वर करणं नियमात बसलं असतं, पण मग तिला मदत कुणी करायची? खरा पेच पहिल्या पर्यायाचा होता. मी अनेक फाइली पाहिल्या आहेत. टीप पहिल्या पानावर असते, आकडा पुढच्या प्रत्येक पानावर उतरत जातो. तिसऱ्या डॉक्टरांकडे कुटुंब जातं तेव्हा फाइलमध्ये उरतं ते "यकृतातील तांबे १८४", आणि त्याचा अर्थ लावला जातो विल्सन नाही असा.

मी आकडा दिला नाही. त्यांना सांगितलं, "हा आकडा २५० च्या दोन्ही बाजूंना पडू शकतो. मला ठोकळा मिळवून द्या." ते नाराज झाले. त्यांची नाराजी मला समजत होती, कारण वाट पाहायची होती ती त्यांच्या रुग्णाने.

काय केलं

ठोकळा मिळायला चार दिवस लागले. पॅथॉलॉजिस्टबाईंची हरकत रास्त होती: रुग्णाची तीच एकमेव ऊती, ती आम्ही आम्लात विरघळवणार, मग पुढे काही पाहायचं झालं तर? त्यांनी आधी सगळे रंग करून घेतले, जादा काचपट्ट्या कापून ठेवल्या आणि मग उरलेला भाग दिला. तांबं दाखवणारा रोडानिन रंग निगेटिव्ह आला होता. घरच्यांना कुणीतरी सांगितलं की म्हणजे तांबं नाहीच. तसं नसतं. आजाराच्या सुरुवातीला तांबं पेशीभर पसरलेलं असतं आणि तो रंग ते पकडत नाही.

त्या चार दिवसांत आम्ही आमचं घर झाडलं. तीन कोऱ्या नळ्यांत एवढी तफावत का? नळ्या दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजत होत्या, ते ठीक होतं. शेवटचं विसळणं मात्र शुद्ध पाण्याच्या टाकीखालच्या ज्या तोटीतून व्हायचं ती महिन्याभरापूर्वी बदलली होती. नवी तोटी पितळेची होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. सकाळचं पहिलं पाणी रात्रभर त्या तोटीत उभं असे, आणि ज्या नळीला ते मिळे तिच्यात ०.०७ निघे. तोटी काढून प्लास्टिकची बसवली. पुढच्या कोऱ्या नळ्या ०.०१ च्या आसपास आल्या आणि एकमेकींशी जुळल्या.

ठोकळ्यात ऊतीचे दोन तुकडे होते. ते वेगळेच ठेवायचे ठरवलं, आणि या प्रकरणातला हा निर्णय मला सगळ्यात योग्य वाटतो. मेण झायलीनने तीनदा धुतलं, मग अल्कोहोल, मग १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवणं. वजनासाठी शहरातल्याच एका महाविद्यालयाचा, ०.००१ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू वापरू दिला गेला. त्याच ठोकळ्याच्या कडेचं ऊती नसलेलं मेणही सगळ्या पायऱ्यांतून नेलं, म्हणजे फॉर्मेलिन, मेण, झायलीन यांतून तांबं आलं असेल तर दिसावं. सोबत प्रमाणित गाईचं यकृत-चूर्ण लावलं, ज्यात तांबं ग्रॅममागे सुमारे २७५ मायक्रोग्रॅम असतं. आमच्या उंबरठ्याच्या इतकं जवळचं प्रमाण मिळणं हे भाग्यच. हेलियम या वेळी चालू होतं.

दरम्यान मी डॉक्टरांना लघवीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन बघायला सांगितलं. ते रोज लघवीतून साधारण ठरावीक प्रमाणात जातं, म्हणून लघवी पूर्ण गोळा झाली की नाही ते त्यावरून कळतं. तिच्या वजनाच्या मानाने ते फार कमी होतं. आईने विचारल्यावर मुलगी रडत म्हणाली, "शाळेत कॅन कशी नेऊ?" दिवसभराची लघवी त्या कॅनमध्ये गेलीच नव्हती. रविवारी घरी राहून पुन्हा गोळा केली. या वेळी तांबं ११२ मायक्रोग्रॅम. दुपटीहून वर, म्हणजे दोन गुण. एकूण तीन.

निष्पत्ती

पहिला तुकडा ०.८१ मिलिग्रॅम, त्यात कोरं वजा जाता ०.६६ मायक्रोग्रॅम: ग्रॅममागे ८१५. दुसरा ०.६१ मिलिग्रॅम, त्यात ०.२४: ग्रॅममागे ३९३. या वेळी ६३ आणि ६५ एकमेकांशी जुळले, आणि प्रमाणित चूर्णही अपेक्षेप्रमाणे आलं.

एकाच सुईतून निघालेल्या दोन तुकड्यांत दुपटीचा फरक. गाठी पडलेल्या यकृतात तांबं असंच असतं, एक गाठ भरलेली आणि शेजारची जवळजवळ रिकामी. दोन्ही आकडे २५० च्या वर होते, आणि फॉर्मेलिनमध्ये थोडं तांबं निसटूही शकतं. अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले. गुण झाले पाच.

तुकडा आमच्याकडे आल्यापासून अकराव्या दिवशी पेनिसिलामाइन सुरू झालं, कमी मात्रेपासून, रिकाम्या पोटी, सोबत बी६ जीवनसत्त्व. तोवर आयएनआर १.७ पर्यंत गेला होता. पुढचे तीन आठवडे तो तिथेच रेंगाळला आणि मग उतरू लागला. सातव्या आठवड्यात जनुकाचा अहवाल आला: दोन्ही प्रतींत एकच बदल, एकाच पूर्वजाकडून दोन वाटांनी आलेला. वर्षभराने एन्झाइम्स सामान्य झाली.

धाकटा भाऊ नऊ वर्षांचा, धडधाकट, क्रिकेटवेडा. अशा घरात प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. त्याचं सेरुलोप्लाझमिन ८ निघालं आणि जनुक बहिणीसारखंच. त्याला यकृताचा त्रास सुरू होण्याआधीच जस्ताचं औषध मिळालं, जे अन्नातलं तांबं आत शोषू देत नाही. बायोप्सी करावी लागली नाही. मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं समाधान या मुलाचं आहे.

आजींचं काय?

त्या एकदा अहवाल न्यायला स्वतः आल्या. मला विचारलं, "ताई, मी रोज सकाळी तिला तांब्यातलं पाणी द्यायची. रात्रभर ठेवलेलं. मीच केलं का हे?" राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून त्यांच्या सासूबाईंनी आणलेली तांब्याची कळशी घरात होती. आपल्या भाषेत तर भांड्याचं नावच तांब्या.

मी त्यांना बसवून सांगितलं की हा आजार जन्मासोबत येतो. त्याच कळशीचं पाणी घरातले सगळे प्यायले आणि त्यांच्या यकृताने जास्तीचं तांबं बाहेर टाकलं. नातीचं यकृत ते टाकू शकत नाही. म्हणून आता या दोन मुलांसाठी ती कळशी नको, पण ती कारण नव्हती.

त्यांनी मग स्वतःच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. दोन वर्षांचा असताना पोट फुगून गेला, तेव्हा लोक म्हणायचे लिव्हर झालं. तो आजार वेगळा असू शकतो, हेही मी सांगितलं. भारतीय बालकांचं यकृतकाठिण्य म्हणून ओळखला जाणारा तो आजार. त्यात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे टॅनर यांनी १९८३ साली बोट ठेवलं होतं ते कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या आणि ठेवलेल्या दुधावर. त्या बाळांच्या यकृतातही तांबं प्रचंड निघे. तान्ह्या बाळांना ते दूध देणं थांबलं, भांडी स्टीलची आली, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ऊतीतलं तांबं मोजल्यामुळेच हा धागा हाती लागला होता. आजी एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे कल्हईवाला दर वर्षी यायचा. मग यायचा बंद झाला."

पुन्हा असं प्रकरण आलं तर

बायोप्सीच्या आदल्या दिवशी आमची आम्लाने धुतलेली, कोरडी डबी रुग्णालयात पोचलेली असेल. ही व्यवस्था आता आहे. सलाइन नाही, गॉज नाही, आणि एक सेंटिमीटरचा तुकडा आमच्यासाठी आधीच बाजूला. लघवीतल्या तांब्याचा आकडा क्रिएटिनिनशिवाय आम्ही छापत नाही. मुलांची लघवी रविवारीच गोळा करायची, असं पालकांना लिहूनच देतो. कोऱ्या नळ्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर त्या दिवशी ऊतीचा नमुना विरघळवत नाही. त्या ०.३८ मिलिग्रॅमच्या बाबतीत आधी नळ्या पाहिल्या असत्या आणि मग तुकड्याला हात लावला असता, तर तो वाया गेला नसता.

एक विचार मला अजून सोडत नाही. त्या पहिल्या दिवशी ६३ चाच आकडा घेतला असता तर उत्तर आलं असतं ३१६. गुण चार, निदान विल्सन, औषध दहा दिवस आधी. निदान बरोबर ठरलं असतं, मिठामुळे. तरी तो आकडा मी दिला नसता. तसाच ओला तुकडा स्वप्रतिकारजन्य दाह असलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलीचा असता तर तिच्यावर जन्मभराचं चुकीचं औषध लादलं गेलं असतं.

यकृततज्ज्ञांचं आणि माझं एका गोष्टीवर आजही जमत नाही. ते म्हणतात, आकडा नको तर नको, पण "१०५ ते २७३, निष्कर्ष काढू नये" असं लेखी त्याच संध्याकाळी द्यायला हवं होतं. म्हणजे आयएनआर वाढत असताना त्यांना निदान जस्त सुरू करता आलं असतं. ठोकळ्यातल्या तांब्यावर त्याचा काहीच परिणाम होणार नव्हता. हे त्यांचं म्हणणं मला आता पटतं. फोनवरचं माझं बोलणं फाइलमध्ये कुठेच नव्हतं, आणि त्या अकरा दिवसांत रात्रपाळीला असलेल्या दोन डॉक्टरांना तांब्याची तपासणी चालू आहे हेही ठाऊक नव्हतं. पण कक्षा लिहिली की तिच्यातला मधला आकडा कुणीतरी उचलतोच, ही माझी भीतीही गेलेली नाही. सध्या आम्ही कक्षा देतो, एकटा आकडा देत नाही, आणि त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून तो केल्याची वेळ अहवालावर लिहितो.